४१ हजार फॉलोअर्स आणि दोन तंबोरे

पत्र

ताई, मी मिरजेचा. आमच्याकडे चार पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. माझं वय २७. दोन वर्षांपूर्वी इन्स्टाग्रामवर खातं काढलं. अब्बा भोपळा कापतात त्याची रील चालत्या गाण्यावर टाकली आणि ती १८ लाख वेळा बघितली गेली. फॉलोअर्स ४१ हजार झाले, घरात पेढे वाटले. पण या दोन वर्षांत इन्स्टावरून विकले गेले ते फक्त दोन तंबोरे. कमेंटमध्ये लोक विचारतात, "या भोपळ्याची भाजी होते का?" आकडा अडकला म्हणून एकाला पैसे देऊन पाच हजार फॉलोअर्स घेतले. 'फॉलो करा, फॉलो बॅक देतो' अशा ग्रुपांतही शिरलो. आता रील टाकली की तीनशे जणही बघत नाहीत. मोठ्या गायकांना मेसेज केले, कुणी उघडलेसुद्धा नाहीत. एका पैशांच्या गेमवाल्यानं जाहिरातीसाठी विचारलंय. अब्बा म्हणतात, फोन ठेव आणि कानस उचल. खातं बंद करून नव्यानं सुरू करू का? खरे फॉलोअर्स मिळतात तरी कुठे? मला 'तू' म्हणा, माझ्या आईच्या वयाच्या असाल.

– एक सतारमेकर, मिरज

उत्तर

बरं, तूच म्हणते.

गेमवाल्याचं आधी उरकू. त्याला नाही म्हण, तेही आजच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेनं कायदा केला आहे आणि त्यात जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. कायदा नसता तरी मी नाहीच म्हण म्हटलं असतं, पण आता वाद घालायचीही गरज उरली नाही.

आता भोपळा. तुझी ती रील मी बघितलेली नाही, पण ती का चालली असेल याचा अंदाज येतो. सुकून टणक झालेला मोठा गोल भोपळा, त्यावरून करकरत जाणारी करवत, आणि एका क्षणी टोपी उचलावी तसा वरचा भाग अलगद निघतो. असं काही समोर आलं की बोट थांबतं. मातीची भांडी फिरताना, साबणाची वडी कापताना, डोशाचं पीठ पसरताना थांबतं तसंच. ते अठरा लाख लोक करवत बघायला थांबले होते. तंबोरा त्यांच्या डोक्यातही नव्हता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. रीलवर आवाज होता तो दुसऱ्याच कुठल्या गाण्याचा. वाद्य बनवणाऱ्या घरातल्या रीलमध्ये वाद्याचाच आवाज नाही. पत्र वाचताना मी इथेच अडखळले.

आणि ते भाजीचं विचारणारे लोक. तू चिडतोस ते कळतं, पण उत्तर दिलंस का कधी? हा भोपळा कडू असतो, म्हणून कीड लवकर शिवत नाही. तो पंढरपूरकडच्या शेतांतून येतो आणि वेलावर असल्यापासून त्याचा आकार बघून जपतात, हे त्यांना कोण सांगणार? भाजीचं विचारणाऱ्या शंभरांतल्या एकाची मुलगी गाणं शिकत असेल. असेलच असं नाही. पण उत्तर लिहायला अर्धं मिनिट लागतं.

माझंही एक सांगते. फेसबुकवर खासगी खात्याला पाच हजार मित्रांची मर्यादा आहे. ती माझी केव्हाच भरली आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. मी जात्यावरच्या ओव्या जमवते. एका ओवीत 'वैरण' शब्द आला. मला वैरण म्हणजे गुरांचा चारा एवढंच ठाऊक, आणि ओवीत तर गुरं कुठेच नाहीत. अर्थ विचारायला ती ओवी भिंतीवर टाकली. चारशेच्या वर लाइक्स, बदामाची चित्रं, 'किती सुंदर', 'आजी आठवली'. अर्थ कुणी सांगेना. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी खाली दोन ओळी लिहिल्या: दळताना जात्याच्या तोंडात जी मूठ टाकतात ती वैरण, आमच्याकडे अजून म्हणतात. बाईंच्या खात्यावर धड फोटोही नव्हता. मी त्यांना फोन केला. त्या फोनवरून मला सतरा ओव्या मिळाल्या, त्यांच्या जावेचा नंबर मिळाला आणि जावेकडून आणखी ओव्या. बाकीच्या चार हजार नऊशे नव्याण्णवांवर माझा राग नाही. त्यातले निम्मे मला कोण आहेत हेही आठवत नाही, आणि त्यांनाही मी आठवत नसेन.

तुझ्या धंद्यातली अशी बाई कोण, हा खरा प्रश्न आहे. तू मोठ्या गायकांकडे गेलास. मोठ्या गायकाकडे तंबोरा असतो, दोन असतात, आणि ते लावून देणारा कारागीरही वर्षानुवर्षांचा ठरलेला असतो. तुझ्याच गल्लीतला कुणी असेल. त्याला तुझी गरज नाही. मेसेज उघडला नाही यात अपमान वाटून घेऊ नकोस.

गरज आहे ती डोंबिवलीतल्या, नाशिकमधल्या, बेळगावातल्या गाण्याच्या शिकवणीच्या बाईंना. त्यांच्याकडे संध्याकाळी बारा-पंधरा मुलं येतात. फॉलोअर्स दोनशे, तेही बहुतेक त्या मुलांच्या आया. पण 'मुलीला तंबोरा घ्यायचाय, कुठला घेऊ?' हा प्रश्न त्या आया तुला विचारत नाहीत, बाईंना विचारतात. तुला फॉलोअर हवा तो असा, ज्याला बाकीचे विचारतात. अशा बाई आणि असे सर सापडणं अवघड नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे, आणि मंडळाच्या परीक्षा गावोगावच्या केंद्रांवर होतात. परीक्षेच्या हंगामात 'आमच्या विद्यालयाचा निकाल' अशा पोस्टींचा पाऊस पडतो. त्या पोस्टी करणारी माणसं तुझी. तिकडेच इन्स्टाग्रामपेक्षा फेसबुक जास्त चालतं, हेही लक्षात ठेव. पन्नाशीतल्या गायनशिक्षिका रील करत नाहीत, पण रात्री जेवणं आटपली की फेसबुक नक्की बघतात.

त्यांच्या पोस्टीखाली जाऊन काय लिहायचं? बहुतेक जण लिहितात: 'खूप छान, आमच्याकडे उत्तम दर्जाचे तानपुरे मिळतील, संपर्क साधा.' हे म्हणजे बारशाला जाऊन विम्याची माहिती देण्यासारखं आहे. विद्यार्थिनींच्या फोटोत मागे तंबोरा दिसतोय ना? त्यावर बोल. 'बाई, उजवीकडच्या तंबोऱ्याची तारा टेकतात ती घोडी थोडी सरकलेली वाटते, तार लावताना त्रास होतो का?' एवढंच. विकायचं काही नाही. तुला जे एका नजरेत दिसतं ते त्यांना वर्षभर छळत असतं, आणि ते दुरुस्त होऊ शकतं हेही अनेकांना माहीत नसतं. त्यांनी उत्तर दिलं तर बोल. नाही दिलं तर पुढे चल, दुसऱ्यांदा टोचू नकोस.

मग तुझ्या स्वतःच्या खात्यावर काय टाकायचं, तेही याच बाईंना डोळ्यांपुढे ठेवून ठरव. त्यांच्या अडचणी अगदी ठरलेल्या असतात. पावसाळ्यात खुंटी फुगून अडकते, कोरड्या हवेत तीच घसरते आणि गाणं सुरू असताना तार उतरते. खडू कुठे आणि किती लावायचा, हे तू तीस सेकंदांत दाखवू शकतोस. काळी चारच्या उंच पट्टीत गाणाऱ्या मुलीला काळी एकच्या खालच्या पट्टीचा मोठा तंबोरा घेऊन दिला की तारा ताणून ताणून तुटतात. दुकानदार सांगत नाही, तू सांग. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत तर वेगळीच कथा. हिवाळ्यात हीटर चोवीस तास चालू, हवेत ओल नाही, लाकूड आक्रसतं, सांधे उकलतात. भारतातून नेलेला तंबोरा पहिल्याच हिवाळ्यात दांडीशी तडकतो, आणि मग तो दिवाणखान्यात शोभेला उभा राहतो. त्यांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं असतं की खोलीत ह्युमिडिफायर ठेवा आणि तंबोरा हीटरच्या झोताजवळ उभा करू नका.

आणखी एक गोष्ट, जी मला वाटतं तुझ्यासाठी सोन्याची खाण आहे. ऑनलाइन गाणं शिकवणारे सगळे एकाच तक्रारीनं वैतागलेले असतात: 'झूमवर माझा तंबोरा मुलांना ऐकूच जात नाही.' आवाज सुरू होतो आणि दोन सेकंदांत विरून जातो. कारण ते ॲप सतत एकसारखा येणारा आवाज पंख्याचा किंवा एसीचा समजून गाळून टाकतं. आणि तंबोरा म्हणजे तरी काय? सतत येणारा आवाजच. झूममध्ये संगीतवाल्यांसाठी 'ओरिजिनल साउंड' अशी सोय आहे. ती सुरू केली की गाळणी बंद होते. बऱ्याच शिक्षकांना ती कुठे दडली आहे ते ठाऊक नसतं. तू मराठीत, फोनचा पडदा दाखवत, तंबोरा मांडीवर घेऊन हे समजाव. आधी गाळणीसह ऐकव, मग गाळणीशिवाय. असा व्हिडिओ अठरा लाख लोक बघणार नाहीत. पण बघतील ते आपापल्या शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवतील, आणि तुला तिथेच पोचायचं आहे. इन्स्टाग्रामच्या आकडेवारीत लाइकपेक्षा 'किती जणांनी पुढे पाठवलं' आणि 'किती जणांनी जपून ठेवलं' हे दोन आकडे बघत जा. लाइक म्हणजे रस्त्यात मान हलवणं. जपून ठेवलं म्हणजे त्या माणसाला उद्या काम आहे.

आणि आता जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा गुंजणारा आवाज उघडणं. तू रोज करतोस म्हणून तुला त्यात काही विशेष वाटत नसेल. मी एकदाच जवळून बघितली, आईचा तंबोरा दुरुस्तीला नेला होता तेव्हा. कारागिरानं घोडीच्या माथ्यावर कानस फिरवली. इतकी हलकी की लाकूड निघतंय की नुसती धूळ उडतेय ते कळेना. मग तार चढवून छेडली: ठण्. कोरडी, भांड्यावर चमचा लागावा तशी. पुन्हा तार सैल, पुन्हा कानस, असं पाचसहा वेळा. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवला आणि तो बोटाच्या टोकानं केसभर पुढे-मागे करू लागला. एका जागी दोरा आला आणि तार एकदम उघडली. खोलीत दुसरं कुणीतरी गायला लागल्यासारखं झालं. आईनं काही न बोलता डोळे मिटले. कारागिरानं तिच्याकडे बघितलं, दोरा तिथेच सोडला आणि पुढची तार घेतली.

हेच टाक. वर गाणं चढवू नकोस, 'वेट फॉर इट' लिहू नकोस, कापाकापी करू नकोस. अब्बांचे हात, घोडी, दोरा, आणि तार उघडण्याआधीचा आणि नंतरचा आवाज. फोन तंबोऱ्याच्या अगदी जवळ ठेव, मागचा मिक्सर बंद ठेवायला सांग. ज्याला यातला फरक ऐकू येतो तो तुझा माणूस. ज्याला ऐकू येत नाही तो पुढे सरकेल, त्याला जाऊ दे.

खातं बंद करू नकोस. विकत घेतलेली पाच हजार खाती मात्र सावकाश काढून टाक; फॉलोअर्सच्या यादीत एकेकाला काढता येतं. रात्री झोपण्याआधी पन्नास काढलीस तरी तीनचार महिन्यांत घर झाडून होईल. ते 'फॉलो बॅक'वाले ग्रुपही सोड. तिथे प्रत्येक जण विकायला बसलेला असतो, घ्यायला कुणीच नाही. आकडा खाली येताना पोटात गोळा येईल. येऊ दे. आणि 'प्राइस प्लीज' विचारणाऱ्याला 'इनबॉक्समध्ये या' सांगायची सवय मोड. किंमत लिही. लेडीज तंबोरा एवढ्याला, जेंट्स एवढ्याला, पेटीसह पाठवणी एवढी, तयार व्हायला इतके दिवस. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून 'मिरज' हे नाव आणखी वजनदार झालं आहे. किंमत लपवून ते हलकं करू नकोस.

अब्बांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कानस सोडून फोन धरलास तर दाखवायला काही उरणारच नाही. पण त्यांना एकदा बसवून विचार, त्यांच्या आजोबांकडे गिऱ्हाईक कसं यायचं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातल्या फरीदसाहेबांनी मिरजेत वाद्यं बनवायला घेतली, तेव्हा जाहिरात कुठे होती? गवई तंबोरा घेऊन यायचा, दुकानातल्या चटईवर अर्धा दिवस बसायचा, चहा व्हायचा, जवारी लागेपर्यंत दोघं मिळून कान लावायचे. तो गवई गावोगाव गायला गेला की मिरजेच्या कारागिराचं नाव त्याच्याबरोबर जायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गायक मिरजेत राहिला, १९३७ साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांना पुरलं, आणि आजही उरुसात त्यांच्या आठवणीसाठी कलावंत तिथे येऊन गातात. तू त्या रात्री तिथे असतोसच ना? मग तिथे फोन खिशात ठेव. ऐक, कुणाचा तंबोरा उतरला तर उठून लावून दे. त्यांच्यासोबत सेल्फी नंतर कधीतरी.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, ती मुद्दाम शेवटासाठी ठेवली. दोन तंबोरे विकले, असं तू लिहितोस. ते कुणी घेतले? गाणारी मुलगी आहे की आजोबा? तंबोरा कसा पोचला, वाटेत काही तडकलं का, पहिल्या पावसाळ्यात खुंट्या कशा राहिल्या? १८ लाखांवर तू ओळीच्या ओळी लिहिल्यास आणि या दोघांवर एक शब्द नाही. ४१ हजारांत ज्यांनी स्वतःचे पैसे मोजून तुझ्यावर विश्वास टाकला ती ही दोनच माणसं. त्यांना फोन कर. विकायला नको, विचारायला. जवारी बिघडली असेल तर सांग, येताना घेऊन या, बघून देतो.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट असते, माहीत असेल. एका लिस्टमध्ये २५६ माणसं मावतात आणि संदेश पोचतो तो फक्त ज्यांनी तुझा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच. मला ही मोजपट्टी फार आवडते. फॉलो करायला एक बोट पुरतं. नंबर सेव्ह करायला नाव लिहावं लागतं, 'मिरज तंबोरा' असं काहीतरी. आज तुझ्या लिस्टमध्ये असे किती निघतील? दहा निघाले तरी तिथून सुरू कर. ऋतू बदलताना वर्षातून तीनचार वेळा त्यांना एक कामाची ओळ पाठव: पाऊस सुरू झाला, तारा थोड्या सैल करून ठेवा. त्यापेक्षा जास्त नको, सकाळच्या फुलांचे फोटो तर मुळीच नकोत.

वर सांगितलेला तो आईचा तंबोरा आता माझ्याकडे आहे, गवसणीत, कपाटाच्या बाजूला उभा. आई गेल्यापासून उघडला नव्हता. तुझं पत्र आल्यावर काढला. पंचमाची खुंटी हलत नाही आणि खर्जाची तार पुन्हा ठण् वाजते. पत्रात तू तुझा नंबर दिला नाहीस. तो पाठव, आणि जवारीचे किती घेतोस तेही लिही.